बंध कोणत्या बाजूला असतो?

वेल्क्रो या नावाने ओळखली जाणारी पट्टी दोन भागांची असते. एका भागावर नायलॉनचे ताठ, टोकाशी वळलेले बारीक आकडे असतात. दुसऱ्यावर मऊ, विस्कटलेल्या तंतूंच्या कड्या. खरखरीत भागावर बोट फिरवले तर ते चिकटत नाही, मऊ भागावर फिरवले तरी चिकटत नाही. दोन खरखरीत तुकडे एकमेकांवर दाबले तरी सुटेच राहतात आणि दोन मऊ तुकड्यांचेही तसेच. आकडे आणि कड्या समोरासमोर आल्या की मात्र सरळ ओढून सुटणार नाही असा बंध तयार होतो. त्यात डिंक नाही, गाठ नाही, लोहचुंबक नाही. मग बंध आहे कोठे? आकड्यांत, कड्यांत, की दोहोंच्या मध्ये?

भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला एक मोठा प्रश्न नेमका असाच मांडता येतो. जीव बद्ध आहे, हे बहुतेक दर्शनांना मान्य आहे. तो कशाने बांधला गेला, बंधाचे कारण जीवात आहे की जगात, आणि तो सुटतो तो कोणत्या बाजूने, इथे मतभेद सुरू होतात. खानदेशच्या भूमीत या मतभेदांचे जवळजवळ सगळे पक्ष नांदले आहेत. अमळनेरला वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने झाली, तापीकाठी मुक्ताबाईंचे स्थान आहे, गावोगावच्या जैन स्थानकांत दर चातुर्मासात कर्मबंधाचे विवेचन चालते, आणि जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. एका क्षुल्लक वाटणाऱ्या पट्टीच्या आधाराने ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांच्यातला फरक स्पष्ट दिसतो.

ही पट्टी शोधली स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याने. 1941 मध्ये शिकारीहून परतताना त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना बर्डॉक नावाच्या झुडपाची काटेरी फळे चिकटली होती. ती त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्रत्येक काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले होते, आणि लोकर किंवा केसांच्या वेटोळ्यांत ते अडकत होते. निसर्गातली ही जोडी कापडावर उतरवायला त्याला दहाएक वर्षे लागली. फ्रान्समधील लियाँच्या एका विणकराने सुती धाग्यात पहिला नमुना करून दिला, पण सुती आकडे लवकर झिजले. नायलॉनच्या कड्या अवरक्त किरणांच्या उष्णतेत ताठ होतात, आणि त्या एका बाजूने कापल्या की त्यांचे आकडे बनतात, हे कळल्यावर काम मार्गी लागले. 1955 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांनी वस्तू तरंगू नयेत म्हणून ही पट्टी वापरली, 1968 मध्ये प्युमा कंपनीने ती बुटांवर आणली, आणि 1978 मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त पट्ट्यांचे उत्पादन जगभर सुरू झाले.

बर्डॉक खानदेशच्या मैदानात उगवत नाही, पण त्याच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले झँथियम हे तण इथे ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजते. त्याच्या लांबट फळांवरही तसेच आकडे असतात. श्रावणात जिवतीच्या पूजेला दूर्वांसोबत जो लागतो आणि गणपतीच्या पत्रींमध्ये ज्याला मान आहे, तो आघाडाही चिकटतोच. फक्त त्याच्या फळांभोवतीचे काटे सरळ, ताठ आणि देठाकडे झुकलेले असतात. कुसळाची तऱ्हा निराळी. कुसळी गवताच्या बीचे टोक भाल्यासारखे असून त्यावर मागे वळलेले केस असतात. ओल लागली की त्याची शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि या हालचालीने बी आत आत शिरत जाते. साक्री भागातल्या ठेलारी मेंढपाळांना हा भेद चांगला ठाऊक असतो. झँथियमचे फळ लोकरीतून बोटांनी ओढून काढता येते, लोकर थोडी तुटते इतकेच. कुसळ मात्र लोकर ओलांडून कातडीत जाते आणि आल्या वाटेने परत येत नाही. बंधाच्या विचाराला हा भेद उपयोगाचा आहे. कोठे बांधले जाण्यातच सुटण्याची सोय असते, कोठे ती नसते. द मेस्त्रालने उचलला तो पहिला प्रकार, आणि मोक्षाची भाषा बोलणारी सर्व दर्शने जीवाचा बंधही याच पहिल्या प्रकारचा मानतात. तो दुसऱ्या प्रकारचा असता तर साधनेला अर्थच उरला नसता.

दोन वस्तूंच्या जोडणीचा सर्वांत काटेकोर विचार न्याय-वैशेषिकांनी केला. त्यांच्या मते जोडणी दोन प्रकारची. धागे आणि वस्त्र, वस्तू आणि तिचा रंग यांचा संबंध समवाय. तो नित्य असतो आणि दोन्ही बाजू शाबूत ठेवून तोडता येत नाही. हात आणि पुस्तक यांचा संबंध संयोग. आधी वेगळे असलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे होऊ शकतात. पट्टीचा बंध उघडच संयोग आहे. वैशेषिकांनी संयोगाला चोवीस गुणांत स्थान दिले आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: संयोग हा एका पदार्थाचा गुण नव्हे, तो दोन्ही पदार्थांत मिळून राहतो. रंग एका वस्तूचा असू शकतो, संयोग नाही. बंध आकड्यांत की कड्यांत, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘दोहोंत, पण एकट्या कोणातच नाही’ असे पडेल.

पुढचे त्यांचे निरीक्षण तर या पट्टीसाठीच केल्यासारखे आहे. संयोग अव्याप्यवृत्ती असतो, म्हणजे तो पदार्थाचा सगळा विस्तार व्यापत नाही. झाडावर माकड बसले असेल तर झाडाच्या फांदीशी त्याचा संयोग असतो, मुळाशी नसतो. झाड मात्र एकच. वेल्क्रो दाबून बसवली तरी प्रत्येक आकडा कडीत जात नाही. काही सापडतात, काही कड्यांच्या मधून निसटतात, काही नुसते तंतूंवर टेकतात. पुढच्या वेळी दुसरेच आकडे दुसऱ्याच कड्यांत जातात. तरीही पट्टी संपूर्ण धरून ठेवते. माणसाच्या आसक्तीचे चित्रही फार वेगळे नाही. घर, शेत, मुले, नाव यांत माणूस गुंतला आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्याचे सगळे मन त्यांना लागलेले नसते. शेकडो बारीक ठिकाणी ते अडकलेले असते आणि त्या सगळ्यांचा मिळून एक मोठा धरबंध जाणवतो.

वैशेषिकांनी विभागालाही स्वतंत्र गुण मानले. सुटणे म्हणजे नुसता संयोगाचा अभाव नव्हे. संयोगाचा नाश करणारी ती एक वेगळी घटना आहे. पट्टी उघडताना येणारा टरटर आवाज हीच घटना कानांना सांगतो. एकेक आकडा पाठोपाठ सुटतो आणि त्या सगळ्या सुटण्यांचा मिळून तो आवाज होतो.

न्याय-वैशेषिकांच्या या विश्लेषणाची मर्यादा अशी की बंध दुःखद का होतो, हे त्याने कळत नाही. माकड झाडावर बसले म्हणून झाड बद्ध झाले असे कोणी म्हणत नाही. सांख्यांनी तर बंध पूर्णपणे एकाच बाजूला टाकला: बांधली जाते ती प्रकृती, म्हणजे जड सृष्टी, सुटते तीही प्रकृती, आणि पुरुष, म्हणजे चेतन आत्मा, कधी बांधलाच गेला नव्हता. हे उत्तर सुसंगत आहे, पण मग दुःख भोगतो कोण, हा प्रश्न त्याला कायम छळत राहिला.

बौद्धांनी तिसरी वाट धरली. पाली सूत्रपिटकात सारिपुत्त आणि महाकोट्ठित या बुद्धशिष्यांचा एक संवाद आहे. डोळा रूपाचे बंधन आहे की रूप डोळ्याचे, असे विचारल्यावर सारिपुत्त एका जुवाला जोडलेल्या काळ्या आणि पांढऱ्या बैलांकडे लक्ष वेधतात. काळा बैल पांढऱ्याचे बंधन नव्हे, पांढरा काळ्याचे नव्हे. ज्याने ते एकत्र जोडले गेले ते जू हेच बंधन. तसे डोळा आणि रूप यांच्या संपर्कातून जी इच्छा आणि आसक्ती उपजते, ती बंधन. बुद्धालाही डोळा होता, त्यालाही रूप दिसत होते, पण इच्छा नव्हती, म्हणून तो मुक्त होता, असे सारिपुत्त पुढे म्हणतात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर भवचक्राचे भग्न चित्र आहे. ज्या कार्यकारणमालिकेवर ते आधारलेले आहे तिच्यात तृष्णेतून उपादान, म्हणजे घट्ट धरणे, आणि उपादानातून भव येतो. इथे बंध दोन्ही बाजूंना नाही आणि एका बाजूलाही नाही. तो मध्ये घडणारा व्यापार आहे, आणि मधलेच काढून टाकले की दोन्ही बाजू जिथल्या तिथे राहूनही सुटतात. पट्टीवर मात्र हे उत्तर नीट बसत नाही. आकडे आणि कड्या यांच्यामध्ये तिसरे काही नसते. त्यांची ठेवणच पुरेशी असते.

ठेवणीचा विचार जैनांनी केला, आणि या विषयात त्यांचे विवेचन सर्वांत बारकाईचे आहे. जैन मतानुसार कर्म ही नुसती नैतिक नोंद नाही. ते सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्यच आहे. सर्व लोक त्या द्रव्याने भरलेला आहे. मन, वाणी, काया यांची हालचाल झाली की ते जीवाकडे ओढले जाते. हा आस्रव. पण ओढले जाणे म्हणजे चिकटणे नव्हे. चिकटण्याला कषाय लागतो: क्रोध, मान, माया, लोभ. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात बंधाची व्याख्या अशीच आहे. कषाययुक्त असल्यामुळे जीव कर्मयोग्य पुद्गल ग्रहण करतो, तो बंध.

त्याच ग्रंथात परमाणू एकमेकांना कसे बांधले जातात याचाही विचार आहे. स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे तो बंध होतो, आणि ज्यांच्यात हा गुण अगदी किमान अंशाचा असतो असे परमाणू बांधले जात नाहीत. मऊ आणि खरखरीत भागांची पट्टी रोज हाताळणाऱ्या वाचकाला हे वाचून थबकायला होते. तत्त्वार्थसूत्रकारांना नायलॉनची कल्पना असणे शक्य नव्हते, आणि त्यांना आधुनिक शोधांचे श्रेय देण्याचे कारणही नाही. त्यांनी पाहिले ते असे, की जोडणीला दोन्हीकडे काही तरी पात्रता लागते आणि ती पात्रता कमी-जास्त असू शकते.

या कमी-जास्तपणावर जैनांची सारी साधना उभी आहे. कर्मबंधाचे चार पैलू ते मानतात: कर्माचा प्रकार, त्याचे प्रमाण, ते किती काळ टिकेल आणि त्याचे फळ किती तीव्र असेल. पहिले दोन हालचालीवर ठरतात, नंतरचे दोन कषायावर. किती आणि काय चिकटले हे माणसाच्या वावरण्यावर अवलंबून. किती काळ आणि किती घट्ट, हे त्याच्या क्रोध-लोभावर. ज्याचे कषाय पूर्ण क्षीण झाले आहेत त्या वीतरागालाही हालचाल असतेच. तो चालतो, बोलतो, आहार घेतो, आणि कर्म त्याच्याकडेही येते. त्याला ईर्यापथ कर्म म्हणतात. ते स्पर्श करते आणि पुढच्याच क्षणी गळून पडते, कारण त्याला धरणारे काही उरलेले नसते. जग जसेच्या तसे आहे, त्याचे आकडेही जसेच्या तसे आहेत. समोर कड्याच नाहीत.

कड्या एकदम जात नाहीत. जैनांनी जीवाच्या शुद्धीच्या चौदा पायऱ्या सांगितल्या, त्यांना गुणस्थाने म्हणतात. दहाव्या गुणस्थानापर्यंत पोहोचलेल्या साधकाचे बाकी सर्व कषाय निमालेले असतात, पण सूक्ष्म लोभ तेवढा शिल्लक असतो. लोभ सर्वांच्या शेवटी सुटतो, हे ज्यांनी लिहिले त्यांनी माणसाचे मन खूप जवळून पाहिलेले असणार. गृहस्थालाही अणुव्रतांपासून सुरुवात करायला सांगितले जाते: थोडी मर्यादा, ठरावीक क्षेत्र, ठरावीक काळ.

थोड्यापासून सुरुवात करण्याचे महत्त्व पट्टीच्या यंत्रशास्त्रातही दिसते. दवाखान्यात रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा घ्यावा. आत हवा भरली जाते, रबरी पिशवी फुगते आणि पट्ट्यावर चांगलाच ताण येतो, पण वेल्क्रो जागची हलत नाही. ताण पट्टीच्या पृष्ठाला समांतर असतो, आणि सगळे अडकलेले आकडे तो एकाच वेळी वाटून घेतात. मोजणी झाली की परिचारिका पट्ट्याची कड दोन बोटांत धरून वर उचलते, आणि इतका वेळ हवेच्या दाबाला न जुमानलेला बंध क्षणात सुटतो. कडेपासून सोलताना ताण एका वेळी आकड्यांच्या एकाच ओळीवर येतो. बंधाचे बळ बंधातच ठरलेले नसते. ते कोणत्या दिशेने हात घातला यावर अवलंबून असते. सगळा संसार एका हिसक्यात तोडू पाहणाऱ्या वैराग्यापेक्षा एक सवय, एक चव, एक राग यांपासून सुरू होणारे वैराग्य टिकते, असे जुने आचार्य सांगत आले, त्यामागे हाच अनुभव असावा.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सत्याग्रही कैद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. 21 फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले, 19 जूनला अठरावे. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या नावाच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ही प्रवचने उतरून घेतली, म्हणूनच गीता प्रवचने हा ग्रंथ आज हाती आहे. ऐकणाऱ्यांत शिकलेले होते, न शिकलेले होते, आणि सगळेच शब्दशः बद्ध होते. बंध आणि मुक्ती यांवर बोलायला याहून नेमकी जागा सापडली नसती.

विनोबांचा भर कर्म सोडण्यावर नव्हता. बाहेरचे कर्म आणि त्याच्या जोडीला मनात चालणारे शुद्धीचे काम, ज्याला ते विकर्म म्हणत, यांचा मेळ बसला की कर्म ओझे राहत नाही, ते अकर्म होते, असे त्यांचे प्रतिपादन. कर्म टाकून गुहेत जाऊन बसलेल्याला आपल्या मनात काय आहे हे कळतच नाही. माणसांत वावरताना राग, लोभ वर येतात, म्हणून बाहेरचे कर्म मनाचे खरे रूप दाखवणारे ठरते. पट्टीच्या भाषेत, मऊ भाग कपाटात ठेवला तर त्याच्या कड्या शाबूत आहेत की झिजल्या हे समजण्याचा मार्ग नाही. तो आकड्यांवर दाबून पाहावाच लागतो. गीतेचा अनासक्तीचा विचार आणि जैनांचा कषायक्षयाचा विचार इथे अगदी जवळ येतात: सुधारणा आपल्या बाजूची करायची, जगाचे आकडे बोथट करत बसायचे नाही. फरक इतकाच, की कर्माची हालचालच शेवटी थांबावी असे जैन मताला वाटते, आणि गीता लोकसंग्रहासाठी ती अखेरपर्यंत चालू ठेवायला सांगते. या दोहोंत विनोबांचे म्हणणे सामान्य माणसाला जवळचे वाटते, कारण शेत, दुकान, शाळा सोडून जाणे बहुतेकांना शक्यही नसते आणि इष्टही नसते.

अमळनेरमध्ये याच प्रश्नाला वेगळी दिशा मिळाली. मोतीलाल माणिकचंद ऊर्फ प्रतापशेठ या गिरणीमालकांनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. एका तालुक्याच्या गावी कापडगिरणीच्या उत्पन्नातून वेदान्ताच्या संशोधनाची संस्था चालावी, देशभरातले तरुण अभ्यासक तिथे येऊन राहावेत, ही घटना महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवी. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी तिथे अनेक वर्षे अद्वैताचा पक्ष लावून धरला. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हे पुस्तक 1930 मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानात त्याची गणना फार वरच्या ग्रंथांत होते.

भट्टाचार्यांच्या मांडणीत ज्ञाता हा मुळातच स्वातंत्र्यरूप आहे. तो प्रथम स्वतःला शरीराशी एकरूप समजतो, मग प्रतिमा आणि विचार यांच्याशी. एकेका पातळीवर ‘हा मी नव्हे’ असे प्रत्ययाला येत जाते आणि ज्ञाता पायरीपायरीने विषयापासून अलग होत जातो. अद्वैताच्या दृष्टीने बंध संयोग नाहीच. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात वैशेषिकांच्या समवायावर आक्षेप घेतला: दोन पदार्थांना जोडायला समवाय लागतो, तर समवायाला त्या पदार्थांशी जोडायला आणखी एक समवाय लागेल, आणि ही साखळी संपणार नाही. आत्मा असंग आहे, त्याला काही चिकटूच शकत नाही. चिकटल्यासारखे वाटते ते अज्ञानामुळे. मग सोडवायचे काही उरत नाही, फक्त जाणायचे उरते.

तर्काच्या दृष्टीने हे उत्तर सर्वांत भक्कम असेल, पण पट्टीचे उदाहरण त्याच्या विरोधात उभे राहते. अडकलेली वेल्क्रो अडकलेली नाही असे कितीही स्पष्ट कळले तरी बूट पायातून निघत नाही. अद्वैती यावर म्हणेल की बूट आणि पाय दोन्ही दृश्य आहेत, द्रष्ट्याचे उदाहरण दृश्यांवरून देता येत नाही. हे म्हणणे खोडून काढता येत नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही ज्याला रोज सकाळी रागाशी झुंजावे लागते, त्याला ज्ञानाबरोबर कड धरण्याची काही रीतही हवी असते.

वारकऱ्यांचे उत्तर या सगळ्यांहून वेगळे आहे. जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरजवळ, तापीकाठच्या मेहूण परिसरात शके 1219 मध्ये, म्हणजे 1297 साली, विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या अशी परंपरा सांगते. तिथून दर वर्षी ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघते आणि जवळजवळ महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरी पोहोचते. त्या वाटेवरच्या वारकऱ्याला आसक्ती टाक असे कोणी सांगत नाही. उलट नारदभक्तिसूत्रांनी भक्तीचे जे अकरा प्रकार मोजले, त्या प्रत्येकाच्या नावातच आसक्ती आहे: रूपाची, पूजेची, स्मरणाची, दास्याची, सख्याची, आणि शेवटी परमविरहाचीही. मनाचे आकडे मोडायचे नाहीत, कड्या झिजवायच्या नाहीत. ते सगळे एका ठिकाणी गुंतवायचे.

या उत्तराला पट्टीचा कौल अनुकूल पडतो. वेल्क्रो निकामी होते ती बहुधा आकडे तुटून नव्हे, ते भरून. खानदेशात कपाशीचा हंगाम चालू असताना जिनिंगच्या आवारात काम करणाऱ्याच्या बुटाची पट्टी पाहिली, तर खरखरीत भागावर रुईच्या तंतूंचा पातळ थर बसलेला दिसतो. प्रत्येक आकड्याच्या वळणात एक तंतू आहे. आकडे शाबूत, ताठही आहेत, पण समोर कडी आली तरी तिला शिरायला जागा नाही. टाचणीने किंवा दातांच्या जुन्या ब्रशने तो थर काढला की पट्टी पुन्हा पहिल्यासारखी धरते. ज्याचे वळण आधीच भरले आहे ते दुसरे काही धरत नाही, हा भक्तिमार्गाचा मुद्दा इथे डोळ्यांनी पाहता येतो. धरण्याची शक्ती माणसात असणारच. ती रिकामी ठेवली तर समोर येईल त्यात अडकेल.

बंध म्हणजे नेहमी अनिष्टच, ही समजूतही या पट्टीने तपासून घ्यायला हवी. पक्षाघाताने एक हात लुळा पडलेल्या माणसाला नाडी बांधता येत नाही, पण एका हाताने वेल्क्रो लावता येते. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या आजीला ब्लाउजचे हुक लागत नाहीत. शिंप्याकडून तिथे पट्टी शिवून घेतली की ती स्वतःच्या हाताने कपडे घालू शकते. बालवाडीतले मूल पहिल्यांदा आपले बूट आपण घालते ते याच पट्टीमुळे. बधिर झालेल्या पायांना जपण्यासाठी कुष्ठरुग्णांना मऊ रबराच्या चपला देतात, त्यांचे पट्टेही पुष्कळदा वेल्क्रोचे असतात, कारण बधिर बोटांना बकलाची जीभ भोकात घालणे जमत नाही. या साऱ्यांना बांधता येणे म्हणजेच दुसऱ्यावर अवलंबून न राहता जगता येणे आहे. खिडकीला डासांची जाळी बसवणाऱ्या घरांत तर एकच पट्टी दोन्ही कामे करते: संध्याकाळी बंद, सकाळी उघडी. स्वतःच्या इच्छेने लावता आणि सोडता येणारा बंध धर्मशास्त्रांनीही निंद्य मानला नाही. व्रत हा तसाच बंध आहे. चातुर्मासात एखादा पदार्थ सोडणारी बाई, एकादशी धरणारा शेतकरी, पर्युषणात मौन पाळणारा व्यापारी हे सगळे आपणहून बांधून घेतात, मुदत ठरवतात आणि मुदत संपली की पारणे करतात. निंद्य ठरतो तो न कळत लागलेला बंध, ज्याची कड सापडत नाही.

एका जागी मात्र हे उदाहरण माणसाची साथ सोडते. पट्टी वापराने कमजोर होते. हजारो वेळा उघडझाप झाल्यावर कड्या तुटतात, आकडे सैल पडतात, आणि शेवटी दोन्ही भाग समोरासमोर येऊनही एकमेकांना ओळखत नाहीत. मनाचे उलटे आहे. एकदा केलेला राग मागे संस्कार ठेवून जातो, तो संस्कार पुढच्या रागाची वाट सोपी करतो, आणि प्रत्येक वेळी बंध आधीपेक्षा लवकर आणि घट्ट लागतो. निव्वळ भोगून आसक्ती झिजेल या आशेवर भारतीय आचार्यांनी विश्वास ठेवला नाही, तो यामुळेच. योगसूत्रे आणि गीता दोन्ही ठिकाणी मनाच्या निग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली आहे. पुनरावृत्तीने बांधलेले मन विरुद्ध दिशेच्या पुनरावृत्तीनेच सैल पडते. राग येण्याच्या जागी दर वेळी थोडे थांबणे, घेण्याच्या जागी दर वेळी थोडे देणे, यांचेही संस्कार साठतात. जैनांची निर्जरा, म्हणजे चिकटलेले कर्म थोडे थोडे झाडून टाकणे, विनोबांचे विकर्म आणि वारीतले नामस्मरण या तिन्ही रीतींत ही विरुद्ध पुनरावृत्ती आहे, आणि तिन्हींत ती रोज करायची आहे.